टाळ वाजत राहतो तेव्हा

ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागातल्या आमच्या घरात दोन पंचांगं असत. दाराशी हिंदी, देवघराजवळ मराठी. ज्येष्ठाची पौर्णिमा झाली की दाराशी आषाढ लागायचा आणि देवघरात मात्र ज्येष्ठ वद्य चालू असायचं. त्याच पंधरवड्यात माझे वडील, नाना, रजेचा अर्ज द्यायचे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून पंढरपूरच्या वारीसाठी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचं प्रस्थान. त्याआधी दोन-तीन दिवस ते झेलम एक्सप्रेसने पुण्याकडे निघत. खांद्याला एकच पिशवी, तीत दोन धोतरं, हरिपाठ, टाळ आणि आईने केलेल्या दशम्या. 21 वर्षं ते गेले. मी प्रत्येक वेळी स्टेशनवर सोडायला जायची, बरोबर मात्र एकदाही गेले नाही.

यंदा ते टाळ घेऊन मी निघाले. नानांना जाऊन सात महिने झाले होते. आई म्हणाली, "जा. पण त्यांच्यासाठी म्हणून चालू नकोस, पाय दुखले की त्यांच्यावर रागावशील." दशम्या तिने मलाही दिल्या.

आळंदीत मी आधी हैबतबाबांच्या पायरीपाशी गेले. नानांची शिकवणच तशी. समाधी मंदिराच्या महाद्वारातल्या या पायरीवर डोकं टेकल्याशिवाय ते आत जात नसत, आणि बरोबरच्या ज्याला-त्याला सांगत, "हा आमच्या ग्वाल्हेरचा माणूस." हैबतबाबा पवार मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, पण चाकरी ग्वाल्हेरला, शिंद्यांच्या पदरी. गावी परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना पकडून गुहेत कोंडलं, तिथे ते हरिपाठ म्हणत राहिले आणि सुटले, अशी कथा सांगतात. मग घरी न राहता ते आळंदीला आले आणि 1832 च्या सुमारास पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं. घोडे आणि तंबू दिले बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरदारांनी. माउलींचा अश्व आजही अंकलीहूनच येतो. इथे नानांचा आवाज हमखास चढायचा. महादजी शिंद्यांची लेक बाळाबाई शितोळ्यांकडे दिलेली, आणि आमच्या लष्करात बालाबाईचा बाजार आहेच. म्हणजे वारी आपल्या घरातून निघते, असा त्यांचा हिशेब. लहानपणी हे इतक्यांदा ऐकलं होतं की कान बंद करायची सवय लागली होती. त्या पायरीपाशी उभी राहिले तेव्हा एकेक वाक्य आठवलं, त्यांच्या आवाजातच.

नानांचं काम सांगायला हवं. ते परिवार परामर्श केंद्रात समुपदेशक होते. नवरा-बायकोचं, सासू-सुनेचं भांडण पोलिसांपर्यंत पोहोचतं आणि गुन्हा नोंदवण्याआधी एकदा बोलून बघू म्हणून जिथे पाठवलं जातं, ती जागा. नाना आधी दोघांना वेगवेगळं भेटत, मग समोरासमोर बसवत. जमलं तर तडजोड कागदावर, खाली दोघांच्या सह्या, आणि महिन्याभराने पुन्हा भेट. मारहाण असेल तिथे मात्र ते तडजोडीचं नावसुद्धा काढत नसत. "बाई, परत जायची सक्ती तुला कोणी करू शकत नाही," हे त्यांनी आमच्या ओसरीवरही कितीतरी जणींना सांगितलेलं मी ऐकलंय. देवभोळ्या माणसाकडून लोकांची अपेक्षा उलटी असायची. सोसून घे, संसार सांभाळ, असं ते म्हणतील असं वाटायचं. संसार सांभाळायचा तो दोघांनी, एकटीने नाही, यावर ते ठाम होते. घरी पोळ्या लाटायला आईच्या शेजारी बसत, आणि यात काही विशेष आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यात लांब, तीस किलोमीटरच्या वर. दिवे घाटात माझ्या दोन्ही टाचांना फोड आले. परभणीकडच्या एक मावशी डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालत होत्या. सासवडच्या मुक्कामी त्यांनी सुई-दोरा काढला, फोडातून दोरा ओवला आणि तसाच आत राहू दिला. पाणी आपोआप झिरपून जातं, कातडं निघत नाही. "फोड फोडायचा नसतो, माउली. त्याला वाट करून द्यायची." मला हसू आलं आणि लगेच रडूही. नाना अगदी असंच बोलले असते.

जेजुरी, वाल्हे, मग नीरा नदीत माउलींच्या पादुकांचं स्नान, लोणंद. या दिवसांबद्दल फारसं सांगता येत नाही. ऊन, मग पाऊस, मग चिखल. पाय चालत होते आणि तोंडाने ज्ञानोबा माउली तुकाराम चालू होतं. चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण झालं. अश्व दौडत गेले आणि त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं वाकली. मीही वाकले.

त्या संध्याकाळी तरडगावच्या तळावर समाजआरती होती. नानांनी तिच्याबद्दल अनेकदा सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं. पालखी तळावर आली, सगळ्या दिंड्या भोवती गोल उभ्या राहिल्या. शेकडो टाळ एकदम वाजत होते, शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मग सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी दंड वर केला आणि "होऽऽ" अशी आरोळी दिली. त्या क्षणी सगळं थांबलं. एवढ्या माणसांची शांतता मी कधी अनुभवली नव्हती.

फक्त एका कोपऱ्यात टाळ वाजत राहिले. तीच तर रीत आहे. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिने टाळ थांबवायचे नाहीत. चोपदार चालत त्या दिंडीपाशी गेले, मान पुढे करून त्यांचं म्हणणं ऐकलं. पाण्याच्या टँकरचं काहीतरी होतं, मला नीट कळलं नाही. थोडं बोलणं झालं आणि ते टाळही थांबले. मग हरवल्या-सापडल्याची पुकार झाली, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगितली, आणि त्यानंतर आरती. तोवर पालखी, विणे, पताका, सगळा तळ त्या एका दिंडीसाठी थांबून होता.

नाना म्हणायचे, "ओरडणाऱ्या माणसाची मला काळजी नाही. त्याचा टाळ वाजतोय. ज्याने वाजवायचं सोडलं, त्याच्याकडे कसं जायचं?"

बारावीच्या वर्षी मी टाळ वाजवणं सोडलं होतं. मला विज्ञान झेपत नव्हतं, कुणाला तरी सांगायचं होतं. एक अख्खी संध्याकाळ नानांची वाट पाहिली. ते केंद्रातून आले ते रात्री नऊला, एका जोडप्यापायी. विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. "बरं, मी इथे आहे," एवढंच म्हणून जिन्याच्या पायरीवर बसले. मी खोलीत दिवा घालवून पडून राहिले. अकरा वाजले तरी त्यांच्या अडकित्त्याचा आवाज येत होता. जगाचं ऐकतात आणि माझ्यासाठी वेळ नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं मनात धरलं. ते दोन तास पायरीवर बसले होते, हे मात्र मी कधी मोजलंच नाही. हे त्यांना सांगायचं राहिलं. तरडगावच्या तळावर मी ते सांगितलं, टाळ छातीशी धरून, आरतीच्या आवाजात.

फलटण, बरड, नातेपुते करत भंडीशेगावला पोहोचलो. रात्री राहुटीत मावशींना झोप येत नव्हती. अंधारातच त्या बोलू लागल्या. थोरल्या मुलाने दोन वर्षांपासून बोलणं टाकलंय, शेताच्या वाटणीवरून. फोन उचलत नाही, नातवाचं तोंड दाखवत नाही. माझ्या तोंडाशी आलं होतं, असं करून बघा, तसं करा, वकिलाला विचारा. मी उठून बसले आणि गप्प राहिले. त्या बराच वेळ बोलल्या. मध्ये थांबल्या, रडल्या, नातवाचा पहिला दात कसा पडला ते सांगितलं, पुन्हा शेतावर आल्या. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. कधीतरी त्यांचा श्वास संथ झाला.

पहाटे काकड्याला उठलो. वाखरीकडे निघायची वेळ झाली तेव्हा त्यांनी वृंदावनाला पाणी घातलं, कुंकू लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

"घेतेस थोडं? मान दुखतेय माझी."

मी नानांचे टाळ त्यांच्या हातात दिले आणि तुळस डोक्यावर घेतली.