कामाला निघणाऱ्यांची न्याहारी

फोंडा (गोवा), रविवार

लिस्बनहून परतल्यापासून भेटणारी माणसे तिथल्या थंडी-पावसाची चौकशी आटोपली की लगेच खाण्याकडे वळतात, आणि त्यातही दुपारच्या जेवणापेक्षा सकाळच्या खाण्याविषयी अधिक विचारतात. काल बाजारात शेजारच्या वहिनींनी थेटच विचारले, "बाई, तिथे सकाळी भाजी-पाव मिळायचा का हो?" हातात मासळीची पिशवी घेऊन उभ्या उभ्या याचे सविस्तर उत्तर देणे शक्य नव्हते, म्हणून "पाव मिळायचा, भाजी नाही" एवढे बोलून मी वेळ मारून नेली. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. मुलाकडे राहत असताना मी सकाळच्या खाण्यासाठी जेवढी पायपीट केली तेवढी तिथले किल्ले आणि मठ पाहण्यासाठीही केली नसेन, तेव्हा ते सगळे या वहीत तरी नीट लिहून ठेवावे असे वाटते.

ही वही उद्या पुण्याच्या भाचरांच्या हाती पडली तर त्यांचा घोटाळा होऊ नये म्हणून आधीच लिहिते की, आमच्याकडचा भाजी-पाव म्हणजे मुंबईत तव्यावर लोण्यात घोटतात ती पावभाजी नव्हे. इथे पातळ भाजी असते ती बहुधा सुक्या वाटाण्यांची, भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटपातली. सुकी भाजी असते ती हळद घातलेल्या बटाट्याची. आणि ज्याला कोणती मागावी हे ठरवता येत नाही तो 'मिक्स' सांगतो, म्हणजे सुक्या भाजीवर पातळ भाजी ओतून मिळते. जोडीला मिरची भजी आणि केळ्याचे बन. पणजीत कामासाठी गेले की कॅफे तातो किंवा कॅफे भोसले यांपैकी एकीकडे पाय वळतातच. पावातही निवड असते: साधा मऊ पाव, मधोमध चीर असलेला कडक उंडा, कोंडा लावलेली आणि आतून पोकळ असलेली पोळी, बांगडीसारखी कांकणे. यांपैकी काही ना काही पोदेर, म्हणजे पाववाला, पहाटे सायकलवरून भोंगा वाजवत घरोघर देऊन जातो, आणि ज्या घरी पेज असते तिथेही मुलांसाठी दोन पाव घेतले जातातच.

लिस्बनमध्ये गोव्याचे जेवण दुर्मीळ नाही. तिथे गोमंतकीयांची 'कासा द गोवा' ही संस्था आहे, गोव्याची म्हणून चालणारी उपाहारगृहे आहेत, आणि त्यांच्या फळ्यांवर शाकुती, सारपातेल, कोळंबीची करी, बेबिंका हे पदार्थ पोर्तुगीज नावांच्या शेजारी निवांत बसलेले असतात. समोसा तर तिथे परका राहिलेलाच नाही. कोपऱ्यावरच्या कोणत्याही साध्या कॅफेत काचेमागे कस्टर्डच्या छोट्या टार्टांच्या रांगेत 'शामुसा' मांडलेला दिसतो. पण हे सगळे दुपारी आणि रात्री. सकाळी सात वाजता भाजी-पाव, आंबोळी किंवा घावन देणारे ठिकाण मी पुष्कळ विचारूनही मला सापडले नाही, आणि मुलाच्या ओळखीतल्या तिथे मुरलेल्या माणसांनाही ते सांगता आले नाही.

असे का असावे, याचा मी तिथल्या अंधाऱ्या सकाळी बराच विचार केला. (जानेवारीत लिस्बनला सूर्य पावणेआठच्याही नंतर उगवतो, त्यामुळे लवकर उठण्याची सवय असलेल्या माणसाला विचार करण्याखेरीज दुसरे काम नसते.) लिस्बनमधला जुना गोमंतकीय समाज मुख्यतः दोन लाटांनी आला: काही जण १९६१ च्या आसपास गोव्यातून, आणि पुष्कळ जण मोझांबिक आणि अंगोला या पोर्तुगीज वसाहती १९७५ मध्ये स्वतंत्र झाल्या तेव्हा आफ्रिकेतून. त्यांत डॉक्टर, वकील, सरकारी अधिकारी अशी शिकलेली माणसे बरीच होती. अशा स्थिरावलेल्या घरांत मातृभूमीचे जेवण हळूहळू रविवारचे आणि सणावाराचे होते. सारपातेल नाताळला शिजते, बेबिंका पाहुण्यांसमोर येते, आणि रोजची सकाळ मात्र त्या शहराच्या रिवाजाप्रमाणे टोस्ट-कॉफीवर भागते. उपाहारगृहेही मग सणाचेच जेवण विकतात. लुमियार भागात हिंदू समाजाचे मोठे राधाकृष्ण मंदिर आहे. तिथले शाकाहारी जेवण घरगुती चवीचे, गुजराती वळणाचे आणि चांगले असते, पण तेही दुपारचेच.

न्याहारी कुठे सापडते हे मला मार्तीं मोनीझ चौकाने दाखवले. अठ्ठावीस क्रमांकाची ट्राम जिथून सुटते आणि पर्यटक जिथे रांगा लावतात त्या चौकापासून काही पावलांवर रुआ दो बेनफोर्मोझो नावाची अरुंद गल्ली आहे. या गल्लीत बांगलादेशी लोकांची किराणा दुकाने, भ्रमणध्वनी दुरुस्तीची दुकाने, न्हाव्यांची दुकाने आणि खाणावळी एकमेकींना खेटून उभ्या आहेत. पहाटेच्या अंधारात तिथे दिवे लागलेले असतात. आत गेले तर तव्यावर पराठे, मोठ्या पातेल्यात डाळ, कलोंजीच्या फोडणीची बटाट्याची भाजी, आणि उकळून उकळून गडद झालेला दुधाचा चहा. गिऱ्हाईक सगळे कामावर निघालेले: बांधकामावरचे मजूर, हॉटेलांत भांडी घासणारे, पाठीवर चौकोनी पिशव्या बांधून सायकलवरून लोकांची जेवणे पोचवणारे. कोणी गप्पा मारत बसत नव्हते. भाजी संपत आली की वाढणारा न विचारता आणखी वाढत होता.

ती चव माझी नव्हती. कलोंजी आमच्या भाजीत पडत नाही, आणि पराठा हे काही आमचे सकाळचे खाणे नाही. तरीही त्या बाकावर बसून खाताना परक्या गावात आल्यापासूनचा अवघडलेपणा पहिल्यांदा गेला, कारण खाण्याची रीत ओळखीची होती: घाई, गरम भाजी, कपात काठोकाठ चहा, आणि पैसे देऊन चटकन उठणे. तेव्हा माझ्या ध्यानात आले की परदेशात न्याहारी मिळणे हे आपली माणसे तिथे किती आहेत किंवा किती मोठी झाली आहेत यावर अवलंबून नसते. ती किती वाजता आणि कोणत्या कामाला निघतात यावर असते. सणाचे जेवण श्रीमंतीबरोबर प्रवास करते, न्याहारी मजुरीबरोबर. आमच्या गोव्यातही वेगळे काय आहे? पावाच्या कित्येक जुन्या भट्ट्या आज परप्रांतांतून आलेल्या कामगारांनी चालवायला घेतल्या आहेत, कारण रात्रभर भट्टीपाशी जागण्याचे काम गोमंतकीय पोरांना नको झाले आहे. आणि ज्या दिवशी ते कामगारही कंटाळतील त्या दिवशी गोव्याची सकाळ कशी असेल याची मला खरोखरच चिंता वाटते.

पोर्तुगीज लोकांच्या न्याहारीविषयी मुलाने मला आधीच सावध केले होते. ती अगदी थोडकी असते: उंच पेल्यात 'गलांव' नावाची दुधाळ कॉफी आणि लोण्यात भिजलेले जाड टोस्ट, किंवा नुसता पाव. चहाची मात्र त्यांनी उपेक्षा केली आहे. त्यांच्याच अझोरेस बेटांवर चहाचे मळे आहेत, तरी कॅफेत चहा म्हणजे गरम पाण्याची किटली आणि एक पुडी. दूध मागितले तर वेगळ्या भांड्यात थंडगार येते. मी चहाचा नाद सोडून गलांव घेऊ लागले आणि त्यात पाव बुडवून खाऊ लागले. सुनेला हे आवडत नसे, पण शेजारच्या टेबलावरचे एक वृद्ध गृहस्थही तेच करत होते हे तिला दाखवल्यावर ती गप्प बसली.

आता पावाविषयी. तिथे रोजच्या खाण्यात 'पापो सेको' नावाचा लहान पाव असतो, दोन्ही टोकांना निमुळता, मधोमध चीर पडलेला, पातळ कुरकुरीत कवचाचा आणि आतून हलका. पाहताक्षणी आमच्या उंड्याचा चुलत भाऊ वाटावा इतका तो ओळखीचा आहे. पाव आमच्याकडे त्यांच्याकडूनच आला हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते, पण म्हणून चव एकच असेल असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. आमच्या पोदेरांनी यीस्टच्या जागी माडाची सूर, म्हणजे माडी, घालून पीठ आंबवले आणि लाकडाच्या भट्टीत भाजले. आता सूर क्वचितच पडते, पण पाव अजून भाजीचा रस शोषण्यासाठीच बनतो. पापो सेको लोणी आणि चीज यांच्यासाठी बनतो. पातळ भाजीत बुडवला तर त्याचे कवच वरच्यावर तरंगते.

अर्थात बुडवायला आधी भाजी हवी, आणि ती शेवटी मुलाच्या स्वयंपाकघरातच झाली. इथे पोर्तुगालने मला चकित केले. युरोपातल्या दुसऱ्या देशांत कोथिंबीर शोधावी लागते असे ऐकले होते, पण लिस्बनच्या भाजीवाल्यांकडे तिच्या जुड्या ढिगाने असतात, कारण दक्षिणेकडच्या आलेंतेजू प्रांतात लसूण आणि कोथिंबीर वाटून त्यावर उकळते पाणी ओततात आणि शिळ्या पावाचे तुकडे व अंडे घालून पोटभर खातात. मला ते आमच्याच कोणा काटकसरी आजीने शोधून काढल्यासारखे वाटले. चवळी तिथे रोजच्या वापरात आहे, उकडून ट्यूना माशाबरोबर खातात. तिचीच मी आमच्या अळसांद्यांच्या (चवळीच्या) तोणाकाच्या, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपातल्या भाजीच्या पद्धतीने भाजी केली. नारळ मी इथूनच नेले होते. युरोपीय संघात प्रवाशाला ताजी फळे आणि भाज्या नेण्यासाठी वनस्पतींच्या आरोग्याचे प्रमाणपत्र लागते, पण अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन ही पाच फळे त्यातून वगळलेली आहेत. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोकणी माणूस नक्कीच नसणार, तरी मी मनातून त्यांचे आभार मानले.

पेजेचे गणित अधिक अवघड होते. तिथला कारोलीनो तांदूळ पिठूळ असतो; त्यांची दुधातली गोड खीर त्याने उत्तम होते, पण त्याची पेज लापशीकडे झुकते. बांगलादेशी दुकानात केरळचा तांबडा मट्टा तांदूळ मिळाला, तो उकडाच असल्याने प्रश्न सुटला. त्याच दुकानात 'चिडा' म्हणून पोहेही मिळाले. मुलाच्या कचेरीतली सावंतवाडीची एक मुलगी शनिवारी येऊन त्यांचे कांदेपोहे करून गेली, आणि जाताना मी इथून नेलेल्या आमसुलांतली निम्मी मागून घेऊन गेली.

पेज झाली तरी तोंडी लावायला काय, हा प्रश्न राहिला. सुकी मासळी नेण्याला मुलाने वासाच्या भीतीने आधीच नकार दिला होता. पण ज्या देशात खारवून वाळवलेला कॉड मासा पाटासारखा दुकानांत उभा करून ठेवलेला असतो त्या देशात राहून सुक्या मासळीला नकार देणे हा विनोदच होता. हा 'बाकाल्याव' शिजवण्याआधी दिवसभर किंवा त्याहून अधिक वेळ पाण्यात ठेवून त्याचे मीठ उतरवावे लागते. मी त्याचा सोलून बारीक केलेला चुरा आणला, थोडेसेच भिजवला, पिळून तव्यावर कोरडा भाजला, आणि त्यात चिरलेला कांदा, ओले खोबरे, तिखट आणि चिंचेचा कोळ कालवून किसमूर केले. सुकटीच्या किसमुराचा खमंगपणा त्याला नव्हता. कॉडचे धागे फार सभ्य असतात. पण पेजेबरोबर ते संपले, आणि ज्याला वासाची भीती होती त्यानेच वाडगे पुसून खाल्ले. नंतर तीन खिडक्या दुपारपर्यंत उघड्या ठेवाव्या लागल्या हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे.

आता वहिनींच्या प्रश्नामागचे खरे कारण. त्यांची धाकटी मुलगी पुढच्या महिन्यात इंग्लंडला स्विंडनला जाते आहे, आणि तिची पेटी लोणच्यांनी आणि लाडवांनी भरून झाली आहे. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन सांगणार आहे की लोणच्याच्या निम्म्या बरण्या काढा, त्या जागी आमसुले, तिरफळे आणि घरचा मसाला भरा, कारण बाकीचे तिथे कोणत्या ना कोणत्या नावाने मिळते. स्विंडनला गोमंतकीयांची मोठी वस्ती आहे आणि त्यांतले पुष्कळ जण गोदामांत पाळ्यांनी काम करतात. तेव्हा मुलीने तिथे पोचल्यावर हॉटेलांच्या पाट्या वाचत फिरू नये. पहाटेच्या पाळीची माणसे कोणत्या थांब्यावर बसची वाट पाहतात आणि त्या वेळी जवळपास कोणत्या दुकानात दिवा असतो, एवढेच विचारावे.