जुनी मोटरसायकल आणि १३.१ व्होल्ट

गेले तीन आठवडे माझ्या डोक्यात एकच गाडी आहे. बारा वर्षांची, ६५० सीसीची, दोन सिलिंडरची, मीटरवर ३४,००० किलोमीटर झालेली आणि पहिल्यापासून एकाच मालकाच्या हाती असलेली ही मोटरसायकल घ्यावी की न घ्यावी, याचा निर्णय होत नाही. ती मला आवडली आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण आवडलेल्या गाडीची तपासणी माणूस थोडी हात राखूनच करतो आणि त्या दोषातून मी सुटलेलो आहे असा माझा दावा नाही.

अडचण अशी आहे की या मॉडेलची एक खोड सर्वांना ठाऊक आहे. इंजिन दणकट, गिअर चांगले, पण चार्जिंग दगा देते. कोणाची कॉइल जळाली, कोणाचा रेग्युलेटर गेला, कोणी भर प्रवासात बॅटरी उतरल्यामुळे रस्त्याच्या कडेला अडकला. अशा दहा-पंधरा हकिकती सलग वाचल्या की गाडीच्या जवळही जाऊ नये असे वाटू लागते. पण थोडे शांतपणे पाहिले तर या हकिकतींतून एकच गोष्ट निश्चित कळते, ती म्हणजे काय बिघडते. किती गाड्यांचे बिघडते हे त्यांतून कळत नाही. ज्याची गाडी निमूटपणे चालते तो तसे लिहायला बसत नाही, आणि जे मॉडेल भरपूर खपले त्याच्या तक्रारीही भरपूरच असणार. एखाद्या कमी खपलेल्या मॉडेलविषयी कोणीच तक्रार करत नसेल, तर त्याचा अर्थ ते निर्दोष आहे असा नसून त्याचे दोष अजून कोणी नोंदवलेले नाहीत एवढाच असू शकतो. ज्या दोषाचे नाव, जागा, लक्षण आणि उपाय चारही माहीत आहेत असा दोष मला अनोळखी दोषापेक्षा बरा वाटतो, कारण तो निदान शोधायला तरी जाता येतो.

तो शोधायचा तर आधी समजून घ्यायला हवा. मोटारीच्या अल्टरनेटरमध्ये चुंबकत्व विजेनेच निर्माण केलेले असते, त्यामुळे विजेची गरज कमी असली की ते कमी करता येते आणि वीजनिर्मितीही कमी होते. बहुतेक मोटरसायकलींमध्ये मात्र कायमचुंबक इंजिनाबरोबर फिरत असतात आणि आतल्या स्थिर कॉइलमध्ये, म्हणजे स्टेटरमध्ये, इंजिनाच्या वेगानुसार वीज तयार होतच राहते. तिचे एकदिश प्रवाहात रूपांतर करणे आणि व्होल्टेज ठराविक मर्यादेत राखणे ही दोन्ही कामे रेग्युलेटर-रेक्टिफायर नावाचा एक छोटा डबा करतो. जुन्या, शंट पद्धतीच्या डब्यात जास्तीची वीज कॉइलवरच शॉर्ट केली जाते, म्हणजे दिवे लावलेले असोत वा नसोत, कॉइलमधून भरपूर प्रवाह वाहतच असतो आणि ती तापतच असते. त्या वेटोळ्यांवरचे इन्सुलेशन वर्षानुवर्षे असे भाजले गेले की एक दिवस ते हार मानते. त्यातच डबा वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात बसवलेला असेल किंवा मधला कनेक्टर सैल पडलेला असेल, तर तो दिवस लवकर येतो. सिरीज पद्धतीचे रेग्युलेटर लागेल तेवढीच वीज घेतात आणि उरलेल्या वेळी कॉइलला विश्रांती देतात, म्हणून अशा गाड्यांचे जाणते मालक पहिली संधी मिळताच तो डबा बदलून घेतात.

पहिल्या भेटीत यातले काहीच तपासता आले नाही. मी पोहोचलो तेव्हा गाडी अंगणात उभी होती, आणि सवयीने इंजिनाच्या आवरणाला हात लावला तर ते गरम होते. मालक वयस्क आणि सज्जन गृहस्थ आहेत; पाहुण्यासमोर गाडी चटकन सुरू व्हावी म्हणून त्यांनी ती आधीच दहा मिनिटे चालू ठेवली होती, यात लपवाछपवीचा हेतू असेल असे मला वाटत नाही. परंतु गरम इंजिन पुष्कळ गोष्टी झाकून ठेवते. बॅटरीत खरोखर किती दम आहे, थंड असताना इंजिन पकडायला किती वेळ घेते, पहिल्या काही क्षणांत इंजिनाच्या आतली टायमिंग चेन खडखडते का, सायलेन्सरमधून पहिल्यांदा निघणारा धूर कोणत्या रंगाचा आहे, हे सगळे गार इंजिनावरच कळते. म्हणून त्या दिवशी मी फक्त कागदपत्रे पाहिली, चॅसिस क्रमांकाची सतराच्या सतरा अक्षरे आणि अंक हँडलखालच्या कोरीव क्रमांकाशी ताडून घेतले, आणि पुढच्या वेळी गाडी अजिबात सुरू न करता ठेवावी अशी विनंती करून परत आलो. त्यांनी ती मनावर घेतली आणि दुसऱ्या वेळी गाडीवरचे आच्छादनसुद्धा काढलेले नव्हते.

त्या सकाळी इंजिन दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाले. दोन-तीन सेकंद टायमिंग चेनचा खडखडाट आला आणि ऑइलचा दाब चढताच तो थांबला. तो थांबला नसता तर ती चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरवर संशय घेतला असता. सायलेन्सरमधून थोडी पांढरी वाफ निघाली आणि इंजिन तापल्यावर नाहीशी झाली. निळसर धूर, म्हणजे ऑइल जळण्याची खूण, कुठेच दिसला नाही. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश दोन्ही बाजूंना फिरवले तेव्हा ते मधोमध किंचित अडकले नाही, याचा अर्थ हँडलचे बेअरिंग शाबूत आहे. मागचे चाक धरून बाजूला ओढून पाहिले, ते चाक धरून ठेवणारा स्विंगआर्मही सैल नव्हता. चेन-स्प्रॉकेट मात्र संपत आलेले आहेत. पायठेवणीचे रबर आणि गिअर लिव्हर यांची झीज ३४,००० किलोमीटरच्या मानाने योग्य वाटली, म्हणजे मीटर मागे फिरवलेले नसावे. टायरच्या कडेवर १८१७ हा अंक होता, म्हणजे तो २०१७ च्या अठराव्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी रबर कडक होऊन त्याला बारीक भेगा पडलेल्या आहेत. अशा टायरवर पावसात ब्रेक लावण्याची माझी इच्छा नाही, त्यामुळे दोन्ही टायरांचा खर्च मी गाडीच्या किमतीतच धरला आहे.

कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हा समज मला या वयात तरी सोडून द्यावा लागला आहे. ही गाडी जवळजवळ दोन वर्षे उभीच होती, कारण मालकांचा गुडघा दुखावला होता. उभ्या गाडीत पेट्रोल शिळे होते, टाकीच्या आत गंज धरू शकतो, इंजेक्टर चिकटतात, फोर्कचे सील सुकतात आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहते, म्हणून तर ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचे असते. या गाडीतले ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचे झाले होते. दरवर्षी दहा हजार किलोमीटर धावलेली आणि वेळेवर देखभाल झालेली गाडी यापेक्षा निर्धोक असू शकते, फक्त तिच्या मीटरवरचा आकडा पाहून आपण दचकतो. बिलांच्या गठ्ठ्यात २४,००० किलोमीटरला टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हमधली फट, तपासल्याची नोंद सापडली. नेमक्या या कामाला बरेच मालक फाटा देतात, आणि या एका कागदामुळे या गृहस्थांविषयी माझे मत त्यांनी तोंडी सांगितलेल्या सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त चांगले झाले.

मग व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर काढला. इंजिन बंद असताना बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवत होती. पूर्ण चार्ज असलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते, तेव्हा ही तक्रारीची गोष्ट नव्हती. इंजिन सुरू करून मिनिटाला ५,००० फेऱ्यांपर्यंत रेझ केले, हेडलाइट लावला, आणि आकडा १४.१ वर जाऊन स्थिरावला. साधारण १३.५ ते १४.५ च्या दरम्यान असला तर चार्जिंग ठीक समजतात, त्यामुळे मालकांचा चेहरा उजळला आणि खरे सांगायचे तर माझाही. इथेच थांबावे असा मोह झाला होता. परंतु या मॉडेलचे चार्जिंग गार असताना नव्हे, तापल्यावर दगा देते, हे वाचलेले होते. म्हणून मालकांना मागे बसवून वीस-पंचवीस मिनिटांची फेरी मारली आणि परत येऊन इंजिन बंद न करता पुन्हा मोजले. त्याच ५,००० फेऱ्यांवर, त्याच हेडलाइटसह आकडा १३.१ होता.

एक व्होल्ट ही ऐकायला क्षुल्लक गोष्ट आहे, पण १३.१ वर बॅटरी धड भरत नाही. रोजच्या छोट्या फेऱ्यांत हे लक्षातही येत नाही, कारण प्रत्येक वेळी थोडीशीच तूट पडते; लांबच्या प्रवासात दिवे, इंजेक्शनचा पंप आणि रेडिएटरचा पंखा यांनी मिळून ती तूट वाढवली की मग गाडी थांबते. आता प्रश्न असा होता की दोष कॉइलमध्ये आहे, डब्यात आहे की मधल्या जोडणीत. कॉइल बदलायची तर इंजिनाचे कव्हर उघडावे लागते आणि तिन्हींत सर्वांत जास्त खर्च तोच. सीट काढून कॉइलकडून येणाऱ्या तीन पिवळ्या तारांचा कनेक्टर सोडवला, तेव्हा एका पिनेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेले आढळले. कनेक्टर सोडलेल्या अवस्थेत, इंजिन गरम असतानाच, कॉइलच्या बाजूने दोन-दोन तारांमधले एसी, म्हणजे एकदिश होण्याआधीचे, व्होल्टेज मोजले. तिन्ही जोड्यांवर ते जवळपास सारखे, ६८, ६८ आणि ६७ आले. इंजिन बंद करून प्रत्येक तार आणि इंजिनाची बॉडी यांच्यात जोडणी आहे का ते पाहिले, ती कुठेच नव्हती. एक जोडी जरी कमी भरली असती किंवा एक जरी तार बॉडीला लागली असती, तर कॉइल जळू लागली आहे असे समजून मी तिथेच नमस्कार केला असता.

म्हणजे निदान आज तरी कॉइल चांगली आहे. कनेक्टर खराब आहे हे डोळ्यांना दिसते, आणि तापलेल्या सैल जोडणीत प्रतिरोध वाढून व्होल्टेज घसरते हेही समजण्यासारखे आहे. डबा दोषी आहे की निर्दोष, हे मात्र कनेक्टर दुरुस्त केल्याशिवाय सांगता येणार नाही. शिवाय त्या कनेक्टरने किती वर्षे कॉइलला त्रास दिला असेल, हे कोणताही मीटर सांगत नाही. तेवढी जोखीम उरणारच.

ही जोखीम पेलण्यासारखी आहे का, याचे उत्तर गाडीपेक्षा माझ्या परिस्थितीवर जास्त अवलंबून आहे, हे मला उशिरा कळले. विश्वासार्ह गाडी हवी असे म्हणताना मी दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र करत होतो. रोज सकाळी ठरलेल्या वेळी कामावर पोहोचवणारी गाडी ही एक गरज आहे, तिथे वर्षातून दोनदा झालेला खोळंबाही फार होतो. सुट्टीच्या दिवशी लांब जाण्यासाठी हवी असलेली गाडी ही दुसरी. तिथे बॅटरीवर छोटा व्होल्टमीटर बसवून त्यावर नजर ठेवता येते आणि आकडा घसरू लागला तर परत फिरता येते. ही बारा वर्षांची गाडी पहिल्या कामासाठी मी घेणार नाही. माझी १२५ सीसीची गाडी विकून हिचे पैसे उभे करायचा जो मूळ बेत होता, तोच चुकीचा होता, आणि तीन आठवड्यांची घालमेल बहुतेक त्या बेतामुळेच होती. छोटी गाडी ठेवायची असे ठरवल्यावर मोठीची किंमत मला अधिक जड वाटू लागली, पण तिच्या दोषाची भीती बरीच कमी झाली.

मालकांना मी सगळे आकडे कागदावर लिहून दिले. टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक ऑइल, कनेक्टर आणि गरज पडल्यास सिरीज पद्धतीचा रेग्युलेटर, एवढा खर्च समोर मांडला आणि त्यातला कोणता भाग त्यांनी सोसावा हेही स्पष्ट सांगितले. त्यांना थोडे वाईट वाटले, कारण गाडीत काही दोष आहे हे त्यांना खरोखरच माहीत नव्हते. छोट्या फेऱ्यांत तो कधी जाणवलाच नसणार. शेवटी असे ठरले की कनेक्टर त्यांनी आपल्या नेहमीच्या मेकॅनिककडून बदलून घ्यावा, आणि त्यानंतर आम्ही दोघांनी पुन्हा तशीच वीस-पंचवीस मिनिटांची फेरी मारून मोजावे. तापल्यावरही आकडा १३.८ च्या वर राहिला तर ठरलेल्या किमतीत गाडी माझी. खाली गेला तर डब्याचा खर्च त्यांच्याकडे. आणि कॉइलच्या तीन तारांत फरक दिसू लागला तर व्यवहार रद्द. हे सगळे मान्य करून मला फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांनी विचारले, की रविवारी येताना तो मीटर घेऊनच याल ना, कारण सूनबाईंच्या स्कूटरची बॅटरीही हल्ली सकाळी उतरलेली असते.