नदी नसलेल्या देशात

विमान उतरायला लागलं की खिडकीतून नदी शोधायची ही माझी लहानपणापासूनची सवय. कुवेतमध्ये ती सापडणार नव्हती. या देशाला एकही बारमाही नदी नाही. क्षेत्रफळ 17,818 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून जरासं मोठं. उत्तरेला आणि पश्चिमेला इराक, दक्षिणेला सौदी अरेबिया, पूर्वेला आखात आणि मधे सपाट, फिकट पिवळी वाळू.

ताई-दाजी फहाहीलला राहतात. दुसऱ्याच दिवशी दाजींनी अहमदीच्या बाजूला फिरवलं. तिथून बुरगानचं तेलक्षेत्र जवळ आहे. 1938 साली इथे तेल लागलं, पण मधे महायुद्ध आलं आणि निर्यात सुरू व्हायला 1946 उजाडलं. विहीर म्हटलं की मला अजून पाणीच आठवतं. इथल्या विहिरी तेलाच्या, आणि 1991 मध्ये माघार घेताना इराकी सैन्याने त्यातल्या सहाशेहून अधिक पेटवून दिल्या. "भरदुपारी गाड्यांचे दिवे लावायला लागायचे, असं जुने लोक सांगतात," दाजी म्हणाले. शेवटची विहीर विझली ती नोव्हेंबरात. मी गप्प बसून बाहेर बघत राहिले.

पण मला खरं ओढ लावली ती तेलाच्या आधीच्या कुवेतने. तेव्हा पिण्याचं पाणी इराककडच्या शत्त अल-अरब नदीतून लाकडी जहाजांनी यायचं आणि शहरात गल्लोगल्ली विकलं जायचं. माणसं समुद्रावरच जगत. उन्हाळ्यात मोत्यांसाठी बुड्या मारायच्या, नंतर बसऱ्याचा खजूर भरून मुंबई-मलबार गाठायचं आणि येताना सागवान, तांदूळ आणायचा. ज्या जहाजांवर हा सगळा व्यापार चालायचा ती मलबारच्याच सागवानाची. मुंबईच्या मोतीबाजारात कुवेती व्यापाऱ्यांची ऊठबस होती. पुढे जपानच्या कृत्रिमरीत्या वाढवलेल्या मोत्यांनी हा धंदा बुडवला. इथे 1961 पर्यंत रुपया चालत होता. शेवटची दोन वर्षं तर रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या. हे ऐकल्यावर हा देश मला एकदम ओळखीचा वाटायला लागला.

समुद्राचं पाणी गोडं करण्याचा सरकारी प्रकल्प 1953 मध्ये सुरू झाला. शहरात जागोजागी निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, छत्रीसारख्या पाण्याच्या टाक्या दिसतात. कुवेत टॉवर्सचं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण 187 मीटर उंचीच्या त्या मुख्य मनोऱ्याच्या मोठ्या गोलाच्या खालच्या अर्ध्या भागात पाणी साठवतात, हे मला तिथे गेल्यावरच कळलं. राष्ट्राची ओळख म्हणून पाण्याची टाकी उभी करणारे लोक मला फार आवडले.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही मुतलाच्या कड्यावर गेलो. फेब्रुवारी होता, हवेत गारवा होता. याच देशात मित्रिबाला जुलै 2016 मध्ये 53.9 अंश तापमान नोंदलं गेलंय, यावर त्या वेळी विश्वास बसेना. थोडा पाऊस होऊन गेला होता. वाळूवर हिरवी लव आली होती आणि लांबवर सहलीला आलेल्या कुटुंबांचे तंबू दिसत होते. ताईने थर्मासमधला चहा ओतला. माझ्या पेल्यात तळाशी उरलेलं घोटभर पाणी मी सवयीने फेकणार होते. तिने माझा हात धरला आणि ते पाणी जवळच्या झुडपाच्या मुळाशी नेऊन ओतलं.