बाईंचा ‘स’

पहिलीची मुलं अक्षर शिकताना फळ्याकडे कमी आणि बाईंच्या तोंडाकडे जास्त बघतात. १४ वर्षं मी पहिली-दुसरीला शिकवते आहे, त्यामुळे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण गेल्या ऑगस्टमधल्या त्या गुरुवारपर्यंत माझ्या दातांच्या तारांशी त्याची सांगड कधी घातली नव्हती.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पाटण तालुक्यात, ढेबेवाडीच्या खोऱ्यात. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, माझ्याकडे. त्या दिवशी पाऊस असा लागला होता की पत्र्यावरच्या आवाजापुढे घसा ताणावा लागत होता. फळ्यावर ससा काढला, खाली शब्द लिहिला, पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि म्हटलं, “म्हणा, स.”

पहिलीची नऊ मुलं एका सुरात म्हणाली. तो ‘स’ नव्हता. ‘स’ आणि ‘थ’ यांच्या मधलं काहीतरी होतं, जिभेवरून हवा पसरून गेल्यासारखं. पावसात नीट ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा म्हणवून घेतलं. पुन्हा तेच. मग पुढच्या ओळीतल्या एका मुलाकडे लक्ष गेलं. तोंड उघडायच्या आधी त्याने खालचा जबडा पुढे सरकवला, खालचे दात वरच्या दातांच्या पुढे आणले, जिभेचं टोक मधल्या फटीत ठेवलं, आणि मग अगदी मन लावून ‘स’ म्हणाला.

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी शाळेत असताना मुलं माझ्यासमोर अशीच हनुवटी पुढे काढून दाखवायची. “तोंड नीट कर आधी!” मी ओरडले. वर्ग चिडीचूप झाला. पोराचे डोळे भरून आले, पण जबडा काही त्याने मागे घेतला नाही. तसाच म्हणाला, “बाई, तुमी काढता तसंच काढलंय.”

चिडवण्याचा मागमूसही त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. बाई ‘स’ म्हणतात तेव्हा जबडा पुढे असतो, म्हणजे ‘स’ असाच काढायचा असतो, एवढंच त्याला कळलं होतं. आणि जूनपासून त्याने दुसरं तोंड पाहिलं तरी कुठे होतं?

माझा खालचा जबडा पुढे आहे. वडिलांचाही तसाच, आजोबांचाही होता. तोंड मिटलं की खालचे दात वरच्यांच्या पुढे येऊन बसायचे. वडापावचा घास पुढच्या दातांनी कधी तोडता आला नाही. हाताने तुकडा करायचा आणि दाढेखाली घालायचा. मेथीचा देठ दातांत तुटायचाच नाही, अख्खा ओढला जायचा. पस्तिशीपर्यंत असंच निभावलं. मग दाढा झिजू लागल्या, सकाळी उठलं की कानापुढचा सांधा ठणकायला लागला, तेव्हा कराडला तारा लावणाऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेले.

त्यांनी डोक्याचा बाजूने एक्स-रे काढला. दोन्ही कानांत दांड्या अडकवून डोकं स्थिर धरतात, तो. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने रेघा मारत त्या म्हणाल्या, “तुमचे दात इतकी वर्षं जबड्याची चूक झाकत आलेत.” वरचे दात खालच्यांना गाठण्यासाठी पुढे झुकले होते, खालचे जिभेकडे आत कलले होते. त्यामुळे बाहेरून फरक दिसायचा २ मिलिमीटरचा, हाडांमध्ये मात्र तो त्याच्या कितीतरी पट होता.

मी विचारलं, “मग तारा कशाला? सरळ ऑपरेशनच करा ना.” त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांसमोर तिरपी धरून दाखवली. कललेल्या दातांसकट जबडा मागे न्यायला गेलं तर दातच दातांना आडवे येतात, जबडा जरासा सरकून तिथेच अडकतो. म्हणून आधी तारांनी प्रत्येक दात आपापल्या हाडावर सरळ उभा करायचा. वरचे मागे, खालचे पुढे. दातांनी झाकायचं सोडलं की हाडांमधली चूक पुरती उघडी पडते, आणि मग सर्जनला जबडा हवा तेवढा हलवता येतो. “म्हणजे ऑपरेशनच्या आधीचं वर्ष-दीड वर्ष तुमचा चेहरा आत्तापेक्षा जास्त वेगळा दिसेल. बोलण्यातही फरक पडेल. हे मान्य असेल तरच सुरू करू.” त्यांनी पहिल्याच दिवशी इतकं स्पष्ट सांगितलं होतं. मी मान डोलावली, शिक्षक पतसंस्थेतून कर्ज काढलं, आणि गेल्याच्या गेल्या वर्षी जूनमध्ये तारा बसवून घेतल्या.

वरच्या दोन उपदाढा काढल्या, म्हणजे पुढचे दात मागे घ्यायला जागा झाली. पहिली तार गोल, केसासारखी बारीक. डॉक्टर मदतनीस मुलीला “झिरो वन फोर दे” म्हणायच्या, ०.०१४ इंच जाडीची ही तार, हे मला पुढे कळलं. दर महिन्या-दीड महिन्याला ती जाड होत गेली आणि शेवटी चौकोनी, ताठ पोलादी झाली. शनिवारची सकाळची शाळा सुटली की ढेबेवाडीहून एसटीने कराड, आणि परतताना गालावर रुमाल. तार बदलल्यावर दोन-तीन दिवस भाकरी दुधात कुस्करूनच खायची. ऊस, शेंगा, हुरडा बंद. दातावर चिकटवलेल्या, तार धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटने गाल सोलवटला की मेणाची गोळी करून त्यावर दाबायची. माझ्या खडूच्या डबीत त्या मेणाची डबी कायम असायची.

तारांना अडकवायच्या रबरांचं मला नवल वाटायचं. माझ्या मावसबहिणीलाही असाच जबडा, पण तिला तेराव्या वर्षी तारा लावल्या होत्या. तिची रबरं खालच्या सुळ्यापासून वरच्या दाढेकडे जायची, खालचे दात मागे ओढायला. माझी बरोबर उलट, वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेकडे. ती म्हणायची, “अगं, तुझे डॉक्टर चुकतायत!” त्या चुकत नव्हत्या. तिचे डॉक्टर तिच्या दातांना झाकायला शिकवत होते, माझ्या डॉक्टर माझ्या दातांना ते विसरायला लावत होत्या.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत खालच्या दोन्ही अक्कलदाढा काढल्या. ज्या जागी जबड्याचं हाड उभं चिरतात तिथेच त्या असतात, म्हणून ऑपरेशनच्या साधारण सहा महिने आधी काढून हाड भरू द्यायचं. ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत ठरलं होतं.

ऑगस्टपर्यंत २ मिलिमीटरचे ८ झाले होते. खालचा ओठ बाहेर, वरचा आत गेलेला. लग्नात भेटलेल्या एका नातेवाईक बाई थेट म्हणाल्या, “पैसे देऊन बिघडवून घेतलंस की गं!” घरी यांनी कधी शब्दाने काही म्हटलं नाही, पण एकदा माझा जुना फोटो मोबाइलवर बराच वेळ बघत बसलेले मी पाहिले. हे सगळं मी सोसत होते, कारण ते माझ्यापुरतं होतं असं मला वाटत होतं.

अक्षरांचं मात्र तसं नाही. ‘स’ला हवेची बारीक धार दातांच्या कडेवर आदळावी लागते. माझ्या दातांमध्ये ८ मिलिमीटरची उलटी फट. जीभ ती बुजवायला पुढे यायची आणि धार पसरायची. ‘व’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना हलकासा टेकतो. माझा वरचा ओठ खालच्या दातांवर यायचा. चिमणीतल्या ‘च’चं ठीक चाललं होतं, चमच्यातला ‘च’ घसरायचा. आदल्या वर्षीची मुलं तारा लागण्याच्या सुमारास आली होती, त्यांची अक्षरं तोंड बिघडण्याआधीच बसली. या नऊ जणांनी मात्र मराठीतला पहिला ‘स’ माझ्या या तोंडातून घेतला होता.

मधली सुट्टी झाली. पोषण आहार मुलांना वाढायच्या आधी शिक्षकाने चाखून नोंदवहीत सही करायची असते. त्या दिवशी हरभऱ्याची उसळ होती. सोमवारीच शाळेतून लवकर निघून कराडला तार बदलून आले होते, एक दाणाही दाताखाली धरवत नव्हता. जिभेवर नुसता रस घेतला, मीठ बरोबर आहे एवढं कळलं, सही केली. समोर तो मुलगा ताटलीत मान घालून बसला होता. एरवी दोनदा मागून घेणारा. सही करताना माझा हात थरथरत होता.

दुपारी मी हजेरीच्या फळ्याशेजारचा आरसा खिळ्यावरून काढून वर्गात आणला. आता ‘स’ दाखवायला कुणाचं तरी नीट तोंड हवं होतं. दुसरीतून कुणाला उभं करावं, तर दुसरीत पुढचे दात शाबूत असलेलं मूल सापडेना. सगळ्यांचे पडलेले, नाहीतर अर्धे आलेले. पहिलीतही दोघांची हीच गत. शेवटी गुरुजींना विचारून चौथीतली एक मुलगी आणली. तिचे समोरचे सगळे दात आले होते.

मी मुलांबरोबर सतरंजीवर बसले आणि त्यांना सांगितलं, “बाईंच्या दातांना तारा आहेत ना, त्या दातांना चालवतायत. त्यामुळे बाईंना सध्या ‘स’ नीट काढता येत नाही. आज ही ताई शिकवेल, बाईसुद्धा शिकतील.”

“दात कुटं चाललेत?” मागून एकीने विचारलं.

“आधी मागं, मग घरी,” मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

चौथीतली ती पोर आधी लाजली, मग खुलली. दात दातांवर ठेव, जीभ आत, हस, हवा सोड. मी प्रत्येकाला तळहात तोंडासमोर धरायला लावला. नीट ‘स’ निघाला की तळहातावर गार, बारीक रेघ लागते. चुकला की कोमट, पसरट वाफ. पहिलीतलं मूलसुद्धा हा फरक लगेच ओळखतं. आरसा हातोहात फिरला. तो मुलगा पहिल्या खेपेला पुन्हा जबडा पुढे घेऊन गेला, आरशात स्वतःला बघून थबकला, माझ्याकडे बघितलं. मी बोटाने त्याची हनुवटी हलकेच मागे टेकवली. तिसऱ्या खेपेला त्याच्या तळहाताला गार रेघ लागली. हात पुढे करून त्याने ती मला दाखवली, जणू हातावर काही ठेवलंच होतं.

मग आरसा माझ्याकडे आला. नऊ मुलांसमोर मी ‘स’ म्हणाले. तळहाताला वाफ लागली. “बाई, जीभ आत,” ताई म्हणाली. जीभ आत घेतली की शिट्टी वाजायची. मुलांनी मला पाच-सहा वेळा म्हणायला लावलं, कुणी हसलं नाही. सुटायच्या आधी मी त्या मुलाला जवळ घेऊन सांगितलं, “तू बरोबर केलं होतंस. मी उगाच ओरडले.” त्याने मान हलवली आणि दप्तर उचललं.

त्या शनिवारी डॉक्टरांकडे मी रडले. आत्ताच्या आत्ता तारा काढा, असं तोंडावर आलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग कपाटातून माझ्या दातांचे प्लास्टरचे साचे काढले, त्याच आठवड्यात घेतलेले. खालचा साचा माझ्या एका हातात दिला, वरचा दुसऱ्या. “जसे आहेत तसे लावा.” आठ मिलिमीटर. “आता वरचा पुढे न्या, खालचा मागे. सावकाश.” मी अंगठ्यांनी सरकवले. एका ठिकाणी कट्‌कन आवाज झाला आणि साचे एकमेकांत बसले. दाढेवर दाढ, वरचे दात खालच्यांच्या २ मिलिमीटर पुढे, कुठे डुगडुग नाही. चौदा महिन्यांपूर्वीचे साचेही त्यांनी असेच लावायला दिले. ते कसेही धरले तरी तीन पायांच्या पाटासारखे हलत होते. मी नवे साचे पुन्हा पुन्हा विलग करून बसवत राहिले. बाहेर पेशंट खोळंबले होते तरी त्यांनी घाई केली नाही.

ऑपरेशन पुण्याला झालं. वरचा जबडा ५ मिलिमीटर पुढे, खालचा ५ मागे. वरच्या जबड्याच्या ऑपरेशनला ते ‘ले फोर्ट वन’ म्हणतात. खालच्या जबड्याचं हाड दोन्ही बाजूंनी पापुद्र्यासारखं उभं चिरून सरकवायचं, ही रीत ओब्वेगेझर या ऑस्ट्रियन सर्जनची. त्यावरचा त्यांचा १९५७ चा लेख जगभर वाचला गेला. सगळं तोंडाच्या आतून, चेहऱ्यावर एक टाका नाही. भुलीची नळी नाकातून, कारण दात मिटून बघावे लागतात. टायटॅनियमच्या पट्ट्या, रबरं, सहा आठवडे पेज, ताक, वरणाचं पाणी. ते दिवस गेले.

डिसेंबरच्या मध्यावर शाळेत रुजू झाले. तेव्हा, आणि अजूनही, खालचा ओठ आणि हनुवटी बधिर. जबड्यातून जाणाऱ्या नसेला यात ताण बसतो, जाणीव बहुतेक वेळा काही महिन्यांनी परतते. त्यामुळे ‘व’ म्हणताना ओठ दातांना टेकला की नाही हे मला कळत नाही, बघावं लागतं. ‘स’ बराच जमतो, फक्त घाईत जिभेला जुनी फट आठवते. पहिल्या दिवशी मुलं बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग त्या मुलाने खिळ्यावरचा आरसा काढून टेबलावर आणून ठेवला आणि जागेवर जाऊन पुस्तक उघडलं. तो आता दोन ओळींचा धडा वाचतो.

तारा अजून निघालेल्या नाहीत. शेवटची बारीकसारीक जुळणी राहिली आहे, डॉक्टर म्हणतात अजून पाच-सहा महिने. रबरांची दिशा पुन्हा बदलली आहे. येत्या शनिवारी शाळा सुटली की कराडची गाडी धरायची आहे.