फळी क्रमांक ३२६

न्यू जर्सीतल्या एका गावाच्या सार्वजनिक वाचनालयात मी संदर्भ विभागाच्या डेस्कवर बसते, त्याला अकरा वर्षं झाली. फेब्रुवारी आला की दारासमोरच्या टेबलावर कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची पुस्तकं मांडायची, हे माझ्याकडचं काम. कृष्णवर्णीय इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये फेब्रुवारीतला एक आठवडा या इतिहासासाठी ठरवला, पुढे त्याचा महिना झाला. मी दरवर्षी मनापासून टेबल लावते. मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स, मागे मोठी चित्रं.

गेल्या वर्षी एका मंगळवारी सकाळी सत्तरीच्या एक कृष्णवर्णीय बाई त्या टेबलापाशी बराच वेळ उभ्या होत्या. एकही पुस्तक न उचलता माझ्याकडे आल्या. आयुष्यभर नर्सची नोकरी केलेली. नात अकरा वर्षांची, सारखे प्रश्न विचारते, आणि मला सांगता येत नाही, म्हणाल्या. "त्या टेबलावरच्या सगळ्यांना मी ओळखते. शाळेतही तेच चार जण शिकवायचे. बाकीचे आम्ही कुठे गेलो? आणि आमच्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलं नको. आमच्या माणसांनी लिहिलेलं द्या."

कॉम्प्युटरवर शोधून यादी छापून दिली असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण मला उठावंसं वाटलं. त्यांना घेऊन फळ्यांकडे गेले.

आमच्याकडे पुस्तकं ड्युई दशांश पद्धतीने लागतात, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा. अमेरिकेचा इतिहास ९७३, इथली कविता ८११, स्वयंपाक ६४१. गुलामगिरी ३२६. त्या आकड्यासमोर बाई थबकल्या. "म्हणजे आम्ही इथे."

मग मी त्यांना डॉरोथी पोर्टर यांची गोष्ट सांगितली. १९३० पासून चाळीसहून अधिक वर्षं त्यांनी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीयांच्या लेखनाचा संग्रह उभा केला. त्यांच्या काळी कितीतरी ग्रंथालयांत कृष्णवर्णीय लेखकाचं पुस्तक, ते कशाबद्दलही असो, ३२५ नाहीतर ३२६ वर जायचं. ३२५ म्हणजे वसाहती. जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्या कविता वसाहतींच्या फळीवर! पोर्टरबाईंनी ते मोडून काढलं आणि कविता कवितेत, इतिहास इतिहासात असा संग्रह लावला. हे मी ग्रंथालयशास्त्र शिकताना वाचलं होतं. त्याच आकड्यासमोर उभं राहून ते सांगताना माझा आवाज कापला.

पहिलं पुस्तक दिलं ते हॅरिएट जेकब्स यांचं आत्मकथन, १८६१ चं. मालकापासून सुटण्यासाठी ही बाई आजीच्या घरी माळ्यावर जवळजवळ सात वर्षं लपून राहिली. जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि सगळ्यात उंच ठिकाणी तीन फूट. उभं राहणं सोडाच, धड कुशीवर वळता येत नव्हतं. एक गिरमिट हाताला लागलं, त्याने तिने फळीला भोकं पाडली आणि तिथून खाली रस्त्यावरची आपली मुलं पाहिली. माझ्यापुढच्या बाईंनी जमिनीपासून तीन फुटांवर फळीला हात लावला आणि तसाच ठेवला.

या पुस्तकाची आवृत्ती बघून घ्यावी लागते. जेकब्स यांनी ते लिंडा ब्रेंट या टोपणनावाने काढलं. ही कादंबरी आहे, आणि संपादन करणाऱ्या गोऱ्या लेखिकेनेच ती लिहिली, असं पुढे बराच काळ मानलं गेलं. १९८० च्या दशकात अभ्यासक जीन फॅगन येलिन यांनी जुन्या पत्रांवरून सिद्ध केलं की लेखिका जेकब्सच आणि हकिगत खरी. येलिन यांच्या टिपांची आवृत्तीच मी देते. स्वतःचं आयुष्य स्वतः लिहूनही ते दुसरीच्या नावावर जावं, याची चीड मला आजही येते.

दुसरं विल्यम स्टिल यांचं, १८७२ चं. हे आमच्याच न्यू जर्सीतले. फिलाडेल्फियात पळून आलेल्या गुलामांना आसरा द्यायचे आणि प्रत्येकाची हकिगत वहीत उतरवून घ्यायचे, पुढे कुणाला कुणाचा शोध लागावा म्हणून. एक दिवस असाच एकजण समोर बसून आईबापांची नावं सांगू लागला आणि तो स्टिल यांचा सख्खा भाऊ निघाला! बाई खुर्चीत बसून ते पान वाचत राहिल्या. मी काही बोलले नाही.

त्यांची आई जॉर्जियाहून नेवार्कला आलेली, म्हणून इझाबेल विल्करसन यांचं दक्षिणेतून उत्तरेला झालेल्या स्थलांतरावरचं पुस्तक काढलं. सुमारे साठ लाख माणसं अशी निघाली होती. विल्करसन यांनी बाराशेहून जास्त लोकांशी बोलून ते लिहिलंय. नातीसाठी कवितांचं एक घेतलं, ८११ मधून.

जाताना त्यांनी विचारलं, मी कुठची. सांगितलं. मग राहवलं नाही म्हणून हेही सांगितलं की महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी' १८७३ चं, स्टिल यांच्या पुस्तकाच्या पुढच्याच वर्षीचं, आणि अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या इथल्या सज्जनांना ते अर्पण केलेलं आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं, तेही कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती मिळाव्यात म्हणून.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "ज्यांनी सोडवलं त्यांना पुस्तक अर्पण केलं. जे स्वतः सुटले, ते त्यांना माहीत होते का?"

मला उत्तर देता आलं नाही. शाळेपासून ती अर्पणपत्रिका मी अभिमानाने सांगत आले, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

'गुलामगिरी'चा इंग्रजी अनुवाद आमच्याकडे नव्हता. दुसऱ्या ग्रंथालयातून मागवायचा फॉर्म मी त्यांच्या नावाने भरला. नाव नोंदवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "दोन प्रती मागवा. एक तुमच्यासाठी. मग बोलू."