आमची वाटचाल : मांडवातून रंगमंचावर

आमचा साउंड आणि लाइटचा धंदा उभा राहिला तो मांडवात. गणपतीचे दहा दिवस, मागोमाग नवरात्र, मग लग्नसराई. त्या कामात गिऱ्हाईक एकच विचारतं, "किती वॉटचा आहे?" आकडा मोठा सांगितला की सौदा पक्का.

नाटकवाल्यांची ओळख झाली ती कॉलेजच्या पोरांमुळे. पुरुषोत्तम, फिरोदिया या पुण्यातल्या कॉलेजांच्या स्पर्धा जवळ आल्या की तालमींसाठी स्पॉट आणि केबल न्यायला यायची. पैसे उधार, सामान मात्र वेळेवर परत. वॉटबिट त्यांनी कधी विचारलं नाही. "दादा, शेवटच्या रांगेत कुजबुज ऐकू जाईल का?" असलं काहीतरी विचारायचे. मी आणि माझा भागीदार (तो मूळचा वायरमन) तिथून या कामात ओढले गेलो ते गेलोच. आज मांडवाचं काम जवळपास बंद केलंय. कानही सुखी आहेत.

आमची कामाची पद्धत बसली ती कोथरूड भागातल्या एका संस्थेच्या सभागृहात. अडीचशे खुर्च्या, वर हजार वॉटचे बारा जुने पार दिवे, एक डिमर रॅक (दिवे मंद करायची पेटी), आणि एक कायमचं दुखणं: दिवे अर्ध्यावर आणले की स्पीकर घुरघुरायचा. म्हणजे प्रवेश हळवा झाला की मागे भुंगा सुरू! समितीकडे एक कोटेशन येऊन पडलं होतं. नवा मिक्सर, नवे स्पीकर, वर फिरते रंगीत दिवे. आम्ही म्हटलं, आधी मीटर आणि वायरिंग दाखवा.

घुरघुरीत मिक्सरचा काहीच दोष नव्हता. थायरिस्टरचा डिमर दिवा मंद करतो तो विजेची प्रत्येक लाट मध्येच तोडून. दिवा निम्म्यावर असताना ही तोड लाटेच्या ऐन माथ्यावर पडते, म्हणून गोंगाटही तेव्हाच सगळ्यात जास्त. इथे माईकच्या तारा डिमरच्या तारांशेजारून, एकाच पट्टीतून गेल्या होत्या. आम्ही त्या समोरच्या भिंतीवरून नेल्या, साउंडला वेगळा फेज दिला, अर्थिंग नव्याने केलं. भुंगा गेला. एकही नवं यंत्र न घेता. समितीतले एक काका म्हणाले, "अहो, मग तुम्हाला यात सुटलं काय?" खरं सांगायचं तर फारसं काही नाही. पण पुढचं सगळं काम आमच्याकडेच आलं.

दिवे बदलताना हिशेब सोपा होता. हजार वॉटचा एक पार सव्वाचार अँपिअरच्या वर खातो. बारा मिळून बारा किलोवॉट, आणि उष्णता एसीच्या डोक्यावर. एलईडीने हा भार पाव हिश्शाच्या आसपास आला. मात्र स्वस्त रंगीत एलईडी माणसाच्या चेहऱ्यावर टाकून बघा, नायक काविळीतून उठून आल्यासारखा दिसतो. म्हणून दिवे टांगायच्या समोरच्या बारवर पिवळसर पांढरे, ३२०० केल्विनचे, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचे दिवे घेतले. रंगीत फक्त सायकवर, म्हणजे रंगमंचामागच्या कोऱ्या पडद्यावर. दिव्यांच्या आतल्या पंख्याचा आवाज रात्री, रिकाम्या सभागृहात तपासला. शिवाय चार हॅलोजन फ्रेनेल (मऊ कडेचा झोत देणारे दिवे) मुद्दाम ठेवले. हॅलोजन विझताना तांबूस होत जातो, ते नाटकवाल्यांना हवं असतं. एलईडी तसा वागत नाही, आणि हलक्या प्रतीचा असला तर शेवटच्या टप्प्यात झटका देऊन विझतो.

डीएमएक्सच्या, म्हणजे दिव्यांना हुकूम पोचवणाऱ्या, लाइनवर माईकची केबल वापरू नका, हे आम्ही प्रत्येक ठिकाणी सांगतो. चालते, चालते, आणि भर प्रयोगात दिवे नाचायला लागतात. योग्य केबल आणि शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर, एवढंच लागतं. तो टर्मिनेटर म्हणजे प्लगमध्ये सोल्डर केलेला एक रेझिस्टर. बुधवार पेठेत किरकोळ पैशांत मिळतो.

आवाजाचं काम सगळ्यात समाधानाचं. मागच्या रांगांना ऐकू यावं म्हणून पुढचे स्पीकर वाढवत गेलं की लटकते माईक शिट्टी मारतात. त्याऐवजी मागे दोन छोटे स्पीकर लावले आणि त्यांना डिले दिला, म्हणजे त्यांतला आवाज किंचित उशिरा सोडला. आवाजाला एक मीटर कापायला तीन मिलिसेकंद लागतात; स्पीकर रंगमंचापासून पंधरा मीटरवर असेल, तर साधारण पंचेचाळीस. त्याहून काही मिलिसेकंद जास्त ठेवले की शब्द नटाच्याच तोंडून येतोय असं वाटतं. मागच्या उघड्या भिंतीला जाड पडदा लावला, त्याने निम्मी घुमारी गेली.

सभागृह सांभाळणाऱ्या मामांसाठी मिक्सरवर मराठी पट्ट्या चिकटवल्या : 'फूट माईक डावा', 'संगीत', 'निवेदन'. एक पट्टी मामांनी स्वतःच्या अक्षरात नंतर लावली, 'इथे पाहुण्यांनी हात लावू नये'. अजून आहे.

आता आम्ही बहुतेक लहान सभागृहं आणि शाळांचे रंगमंच करतो. वार्षिक देखभाल स्पर्धांच्या मोसमाआधी उरकतो, मोसमात नवं काम घेत नाही. एका संस्थेने बिल दीड वर्ष लटकवलं, तेव्हापासून निम्मी रक्कम आगाऊ घेतो. त्यावर घासाघीस करू नये. भेटायला येताना सभागृहाचं वीजबिल आणि मेन बोर्डाचा फोटो घेऊन या. कोटेशन त्यानंतर.