स्ट्रक्ट पेजचे ६४ बाइट आणि फोलिओ

लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) रॅमच्या दर ४ केबी तुकड्यामागे, म्हणजे पेजमागे, एक स्ट्रक्ट पेज असतं: त्या पेजची नोंद. ६४-बिट यंत्रावर त्याचा आकार सहसा ६४ बाइट. म्हणजे रॅमचा चौसष्टावा हिस्सा नुसत्या नोंदी ठेवण्यात जातो: १६ जीबीच्या लॅपटॉपवर २५६ एमबी, १ टीबीच्या सर्व्हरवर १६ जीबी. इथे एखादं नवं फील्ड सुचवणाऱ्याचं स्वागत का होत नाही, ते या आकड्यांत आहे.

आतली मांडणी दाटीवाटीची. ८ बाइट फ्लॅग, ४० बाइटांचं युनियन (एकाच जागेला प्रसंगानुसार वेगळा अर्थ), मॅपकाउंट (पेज किती ठिकाणी मॅप आहे) आणि रेफकाउंट (त्यावर किती रेफरन्स आहेत, म्हणजे किती जण ते धरून आहेत) यांचे चार-चार, आणि मेमरी सीग्रुपचे (पेज कोणत्या प्रोसेस-गटाच्या खात्यावर, त्याचे) ८. पेज कॅशमधल्या, म्हणजे फाइलचा डेटा ठेवणाऱ्या, पेजसाठी युनियनमध्ये मॅपिंग आणि इंडेक्स (कोणती फाइल, तिच्यात कुठे) असतात. तेच पेज ‘पेज टेबल’साठी (पत्ते जुळवणाऱ्या तक्त्यासाठी) वापरलं की त्याच बाइटांचा अर्थ बदलतो. आत्ता कोणता अर्थ लागू आहे, हे कंपायलरला कळायला मार्ग नाही.

तरी खरी डोकेदुखी बाइटांची नाही, कंपाउंड पेजची, म्हणजे अनेक पेज जोडून केलेल्या मोठ्या तुकड्याची आहे. २ एमबीच्या सलग तुकड्यात ५१२ स्ट्रक्ट पेज येतात. पहिलं हेड, बाकीची टेल. प्रत्येक टेलमध्ये हेडचा पत्ता असतो, आणि त्या पत्त्याचा सर्वांत खालचा बिट १ करून ‘मी टेल आहे’ ही खूण ठेवलेली असते. आता एखाद्या फंक्शनला स्ट्रक्ट पेजचा पॉइंटर मिळाला, तर तो सुट्या ४ केबीचा, अख्ख्या २ एमबीचा, की मधल्याच एखाद्या टेलचा? टाइप तिन्हींचा एकच. म्हणून गेट_पेज(), पुट_पेज() यांसारखी रेफरन्स घेणारी-सोडणारी फंक्शनं दर वेळी कंपाउंड_हेड() तपासत राहतात. आणि जिथे कोणी पेज_साइझ (एका पेजचा आकार) गृहीत धरून मेमरी शून्य केली, तिथे फक्त पहिले ४ केबी साफ होतात आणि उरलेला जुना डेटा तसाच राहतो. एररही येत नाही, हे जास्त वाईट.

यावर उपाय म्हणून कर्नल डेव्हलपर मॅथ्यू विल्कॉक्स यांचा फोलिओ हा नवा टाइप कर्नल ५.१६ मध्ये, जानेवारी २०२२ ला आला. तो वेगळी मेमरी घेत नाही. आधीच असलेल्या स्ट्रक्ट पेजांवरच दुसरा टाइप चढवतो. दोन्हींतली फील्डं एकाच जागी आहेत ना, हे स्टॅटिक असर्ट कंपाइल करतानाच तपासतात. वचन एवढंच: फोलिओ कधीच टेल नसतो. माझ्या मते टळलेल्या तपासण्यांपेक्षा मोठा फायदा हा, की पेज आणि फोलिओची गल्लत आता कंपायलर पकडतो.

फाइलसिस्टीमचा कोड फोलिओवर आणायचा तर आधी त्यातले पेज_साइझ आणि पेज_शिफ्ट (तोच आकार, दोनचा घात म्हणून) शोधून काढावेत. जवळजवळ सगळे बग तिथेच दडलेले असतात. दाराशीच एकदा पेज_फोलिओ() (पेजवरून त्याचा फोलिओ देणारं) बोलवावं आणि पुढे फोलिओच फिरवावा. लांबी फोलिओ_साइझ() वरून, जागा ऑफसेट_इन_फोलिओ() वरून. मोठे फोलिओ चालू करणारं मॅपिंग_सेट_लार्ज_फोलिओज() अगदी शेवटी. एक्सएफएस या फाइलसिस्टीमने हे ५.१८ मध्ये केलं, ईएक्सटी४ या दुसरीला ६.१६ उजाडलं.

अडतं कुठे? हातात रेफरन्स नसताना पेज_फोलिओ() बोलवलं, तर उत्तर हाती पडेपर्यंत फोलिओ फुटलेला किंवा मोकळा झालेला असू शकतो. रेफरन्स घेऊन तेच पुन्हा तपासावं लागतं. हायमेम (कर्नलने कायम मॅप न केलेली रॅम) असलेल्या ३२-बिट कर्नलवर केमॅप_लोकल_फोलिओ() एका वेळी एकच पेज मॅप करतं. आणि डर्टी फ्लॅग (‘बदललंय, डिस्कवर लिहायचंय’ ही खूण) फोलिओभर एकच असल्याने ४ केबी लिहिले तरी अख्खा फोलिओ डिस्कवर जाऊ शकतो. यासाठी आयओमॅप या फाइलसिस्टीमांच्या सामायिक कोडमध्ये ६.६ पासून ब्लॉकनिहाय नोंद ठेवतात. उलट हार्डवेअर पॉयझन (रॅमचा भाग बिघडल्याची खूण) ही पेजचीच गोष्ट. खराब झालेले ४ केबी नेमके कोणते, हे कळायलाच हवं.

पुढची पायरी मेमडेस्क (मेमरी डिस्क्रिप्टर). स्ट्रक्ट पेजमध्ये फक्त ८ बाइट उरावेत, त्यांच्या खालच्या बिटांत प्रकार असावा आणि फोलिओ वेगळा अलोकेट व्हावा, अशी योजना आहे. १६ जीबीमागे २५६ ऐवजी ३२ एमबी, अधिक वेगळ्या फोलिओंचा खर्च. त्यासाठी स्लॅब (कर्नलच्या छोट्या ऑब्जेक्टसाठीची मेमरी) ५.१७ मध्ये आणि पेज टेबलचा पीटीडेस्क ६.६ मध्ये आधीच वेगळे टाइप झाले. पण त्या दिवशी एकावर एक टाइप चढवण्याची सोय संपेल, आणि जो ड्रायव्हर अजूनही पेजमधून थेट मॅपिंग वाचतो, तो कंपाइलच होणार नाही.